नवरानवरीच्या खोलीची राखण

अगं, अशी जवळ ये जरा. तू तिकडं पुण्यात अन् मी इथं वाटूरच्या पलीकडं, तरी कान इकडं कर. रागवायचंय मला तुला. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आईबापाला डोंगरात राहायला पाठवतीस, स्वेटर घ्या, चार्जर घ्या, सगळं बजावतीस, अन् पलंगावर फुलं टाकलेली असतील एवढं सांगत न्हाईस? त्यापायी काय झालं ते फोनवर तुला अर्धंच बोलले.

जायच्या आधी तू माझ्याकडून वचन घेतलंतंस, की तिथं निवांत बसून बाबांना माझ्या साखरेचं सांगायचं. सहा महिने झाले होते साखर निघून. गोळ्या मी मेथ्यांच्या डब्यात लपवायची. तुझी आक्काआत्या साखरेनंच गेली ना. शेवटचं वर्षभर तिच्या पायाची पट्टी तुझ्या बाबांनी स्वतःच्या हातानं बदलली, अन् ती गेल्यावर हा माणूस महिनाभर धड जेवला न्हाई. त्यांच्यापुढं तेच नाव कसं काढू? त्यात आपल्या घरची रीत. मी या घरात आल्यापासून हे जेवून उठल्याशिवाय कधी बसले न्हाई. हे नऊला जेवणार, मंग मी. डॉक्टर म्हणायचे, गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवा. मी मंग गोळीच उशिरा घ्यायची.

असो. जालन्याहून भोकरदन, तिथून पुढं त्यांची जीप. डोंगराच्या अंगाला चार-पाच शेणानं सारवलेली घरं, समोर सीताफळाची झाडं. तिथल्या स्वयंपाकाच्या बाईनं लांबूनच हात केला, "शेवटचं घर तुमचं, दार उघडंच हाय," अन् ती चुलीकडं पळाली.

आम्ही दार लोटलं. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा मोठा बदाम काढलेला. त्यावर टॉवेलाची दोन बदकं, चोचीला चोच लावून. तुझे बाबा उंबऱ्यातच थबकले.

"अगं, माघारी फीर. हे नव्या नवरानवरीचं हाय."

"ती तर शेवटचं घर म्हणाली."

"चुकली असंल बिचारी. आपल्यासाठी कोण फुलं टाकतंय?"

मला बी ते बराबर वाटलं. विचारून येते म्हणले तर म्हणाले, "कशाला तिला ओशाळं करतीस? ती पोरं येतील, मंग आपली खोली आपसूक कळंल." दार ओढून घेतलं अन् आम्ही बॅग घेऊन पायरीवर बसलो. एक कोंबडी सारखी दाराच्या फटीकडं जायची. हे तिला हाकलायचे, "लोकाच्या पोरांची फुलं तुडवती का?"

दिवस मावळायला आल्ता. डोंगर असा जांभळा झाला की बघत राहावं. हे एकदम म्हणाले, "आपल्या लग्नात काय टाकलं होतं गं पलंगावर?"

"पलंग कुठं होता? ज्वारीची पोती होती."

किती दिवसांनी हसले ते. मी मनात म्हणलं, आता सांगावं. तोंडापर्यंत आलं अन् वाटलं, हसलेला माणूस कशाला रडवायचा.

खालच्या अंगणात टेबल मांडलं होतं, दोन कंदील, दोन खुर्च्या. हे म्हणाले, ते बी त्या पोरांचंच. पिठल्याचा वास आला तशी मी पाठ फिरवून गोळी घेतली, की आता बोलावतीलच. बोलावतंय कोण! तिथली रीत अशी, की भूक लागली की आपण जाऊन बसायचं. आपली रीत, बोलावल्याशिवाय उठायचं न्हाई. ते आमची वाट बघून राह्यले अन् आम्ही त्यांची.

बऱ्याच वेळानं मला कसंतरी व्हायला लागलं.

"तुझे हात का कापून राह्यले?"

"थंडी हाय."

त्यांनी माझ्या मानेला हात लावला. मान घामानं भिजलेली. "थंडीत घाम येतो व्हय? गोळी घेतलीस का तू? साखरेची?"

मी नुसती मान हलवली. रिकाम्या हातानं कोणाकडं जाऊ नये म्हणून त्या बाईसाठी लाडू नेले होते शेंगदाण्याचे, ती पिशवी त्यांनी सोडली अन् लाडू मोडून घास माझ्या तोंडात घातला. मंग दुसरा. असं कापायला लागलं की आधी गोड द्यायचं, हे त्यांना आक्काच्या वेळचं ठाऊक.

जरा तरतरी आली तर हे तोंड फिरवून बसलेले.

"किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"पोरीला ठाऊक हाय?"

"हो."

"म्हणजे मलाच तेवढं बाहेर ठेवलं."

"आक्का गेल्या तेव्हा तुम्ही जेवण सोडलं होतं, म्हणून..."

"आक्कानं बी असंच लपवलं होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं. जल्दी कळलं असतं तर तिचा पाय राहिला असता. मी खचलो ते त्यापायी."

बाई, हे मला माहीतच नव्हतं गं. कधी बोललेच न्हाईत.

तेवढ्यात ती बाई वर आली. "आजोबा, आजी, बाहेर का बसले? ताटं कवाची वाढलीत! खोली तुमचीच, फुलं बी तुमचीच. लेकीनं सांगितलंय."

"घ्या," हे म्हणाले, "अन् मी कोंबडी हाकलत बसलो."

टेबलावर बसलो तर ह्यांनी भाकरीला हात लावला न्हाई. "तू आधी."

"असं कुठं असतं का?"

"आजपासून असतं."

ती बाई समोर उभी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी चावून गिळेपर्यंत त्यांनी ताटाकडं बघितलं न्हाई.

आता घरी साडेसातला दोन ताटं लागतात. शेजारीण म्हणाली, "काय बाई, जोडीनं पंगत!" हे आतून ओरडले, "तू बी आण तुझ्या म्हाताऱ्याला!" गुळाचा खडा सुद्धा हातात दिसू देत न्हाईत मला, इतके कडक झालेत. माझी बाजू घ्यायला कोणीतरी पाहिजे इथं. तवा जावईबापूंना घेऊन ये लवकर. फक्त साडेसातच्या आत पोच, कारण हे आता कोणासाठी थांबत न्हाईत, अन् मला बी थांबू देत न्हाईत.