राधाकाकूंचा चष्मा आणि माझा खुलासा

उभा जन्म सरकारशी भांडण्यात गेला माझा. मामलेदारापासून मंत्र्यापर्यंत कुणाला सोडलं नाही. पण एकदा असा तोंडावर आपटलो की विचारू नका! नाही, विचाराच. चहा येईपर्यंत सांगून टाकतो.

साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळात मी एका साप्ताहिकाचा वार्ताहर. शेजारी राधाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान पुसदला कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. जाताना एका कापडगिरणीचे मूठभर शेअर मागे ठेवून गेले. यंदाच्या डिव्हिडंडातून काकूंना चष्मा करायचा होता. डोळ्यांनी दगाच दिला होता हो! तांदळातले खडे तांदळाबरोबरच शिजायचे. आणि खायचं कोण? दर रविवारी त्यांच्याकडे जेवणारा मी!

एक दिवस काकू तणतणत आल्या.

"दिनकर, पाह्य बरं! डिव्हिडंड कमी काहून आला? कंपनीनं म्हणे टॅक्स कापला. मी कोणाचं काय खाल्लं रे? आता चष्म्याचं कसं करू?"

"काकू, हा दरोडा आहे!"

"मंग पोलिसात जातं का?"

"पोलिसात कायले? छापतो!"

आता तुम्हीच सांगा, एका म्हातारीचे चार रुपये कापले, ही बातमी कोण वाचणार? म्हणून मी थोडा हात सैल सोडला. 'वऱ्हाडातील धनाढ्य घराण्यातील महिलेच्या हजारोंच्या डिव्हिडंडावर सरकारी डल्ला!' असा मथळा दिला. वर काकूंचं नाव, खाली माझं. गावभर चर्चा!

मग काकूंना घेऊन थेट इन्कमटॅक्सच्या कचेरीत धडकलो. टेबलावर मूठ आपटली.

साहेब पोरगेलासा, पण थंड. त्याने आधी काकूंना खुर्ची दिली आणि म्हणाला, "आजी, तुमचे पैसे कुणी खाल्ले नाहीत. डिव्हिडंड देतानाच कंपनी टॅक्स कापते आणि तुमच्या नावानं सरकारात भरते. वर्षाची कमाई टॅक्स लागण्याएवढी नसेल, तर अर्ज करा. सगळे परत मिळतील."

"सगळे?" काकूंचा चेहरा फुलला. माझा पडला. भांडणच संपलं की!

"फक्त एक अडचण आहे," साहेब म्हणाला आणि त्याने खणातून आमचा अंक काढला. "यात तर आजी धनाढ्य आहेत. हजारोंचा डिव्हिडंड. मग पैसे परत कसे द्यायचे?"

काकू गर्रकन माझ्याकडे वळल्या. "मी धनाढ्य? मुडद्या, माह्या घरी तुले कधी तूप भेटलं का?"

"काकू, ते लिहिण्याच्या ओघात..."

"तुह्या ओघात माहा चष्मा वाहून चालला ना!"

साहेब हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. "माझा आजींवर विश्वास आहे. पण उद्या वरिष्ठांनी हा अंक माझ्यापुढे धरला, तर? बातमी छापून आली, तसा खुलासाही छापून येऊ द्या."

खुलासा? मी? भल्याभल्यांनी हात जोडले, दम दिले, तरी एका ओळीचा खुलासा न छापणारा मी! पण काकू पदराने डोळे पुसत होत्या. काय करता?

छापला. पण आपण काय कमी आहोत? प्रेसमधला सगळ्यात बारीक टाइप शोधला. शेवटचं पान, खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीखालचा कोपरा. मुंगीलासुद्धा दिसला नसता! गावात कुणाला पत्ता लागला नाही. मी पुन्हा छाती काढून फिरू लागलो.

यथावकाश सरकारनं काकूंचे पैसे परत केले. चष्मा आला. पहिल्याच संध्याकाळी, गल्ली ओट्यांवर बसलेली असताना, काकूंनी फडताळात अंथरलेला जुना पेपर बाहेर आणला आणि नजर तपासायला खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"'सदर बातमी निराधार असून... आमचे वार्ताहर दिनकरराव यांनी... अतिरंजित...' अगंबाई! दिनकर, हे तर तुह्यंच नाव! किती बारीक रे, पण कसं लख्ख दिसून राह्यलं मले!"

आणि गल्लीनं वन्स मोअर दिला.