गंगम्माची निळी धार

आमच्या मंद्रूपात कुणाच्या म्हशीचा सड बंद पडला, की गंगम्माला बोलावणं जातं. ती येते, पण सावकाश येते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पदर कमरेला खोचलेला, आणि घाई कुणाच्या बापाची ऐकायची नाही. गोठ्यातली अशी जाणती बाई दुसऱ्या गावातही सापडेल. पण त्याच हातांनी फोटो छापायच्या मशीनला पान्हा फोडणारी बाई आमच्याच गावात आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मशीन तिच्या सुनेचं, चंद्रिकाचं. पडवीच्या कोपऱ्यात टेबल टाकून ती गावाचे फोटो छापते. शाळेचे, बारशाचे, विकायच्या जनावरांचे. शाईची डबी रिकामी झाली की नवी आणत नाही, घरीच भरते. रंगीत डबीवरचा कागद सोलला की खाली तीन बारीक भोकं दिसतात. काडी बुडवून आधी कुठल्या भोकात कुठला रंग ते बघायचं, मग इंजेक्शनच्या सुईनं थेंब थेंब सोडायचं. आत स्पंज असतो. तो पिईल तेवढंच पाजायचं. हे सगळं ती मोबाईलवर बघून शिकली.

सासरे चनबसप्पा यांना मात्र तो कोपरा पेंडीच्या पोत्यांसाठी हवा होता. भावाच्या लग्नाला चंद्रिका महिनाभर अक्कलकोटला माहेरी राहिली आणि परत आली, तर पोती टेबलाला येऊन टेकलेली. चनबसप्पांनी सांगून टाकलं, की शिवूचं काम करून दिलंस तर मशीन हितं राहील, नाहीतर उद्या टेबल गोठ्यात जाईल. गंगम्मा तेव्हा शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

शेजारच्या शिवूचं काम म्हणजे त्याच्या खिलाराचे फोटो. चांदण्यासारखा पांढरा बैल. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या जनावरांच्या बाजारात तो न्यायचा होता, आणि त्याचे मोठे फोटो टेम्पोला लावायचे होते. टेम्पो दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होता.

सकाळी चंद्रिकानं डबी भरली आणि पहिला फोटो काढला. बैल गुलाबी निघाला. महिनाभर मशीन बंद राहिलं, तेवढ्यात निळी शाई डबीच्या तोंडाशी वाळून बसली होती.

शिवू फोटो उलटासुलटा करून म्हणाला, "वैनी, बैल इकायचाय. त्येचं लगीन न्हाय लावायचं."

सगळे हसले. चंद्रिका हसली नाही. तिनं सुई घेतली आणि निळ्या भोकात जोरानं शाई रेटली. खालून थेंब आला नाही, वरून मात्र शाई उतू गेली, शेजारच्या पिवळ्यात मिसळली आणि ओघळून खाली तोंडापर्यंत आली. तिनं पुन्हा सुई उचलली, तेव्हा गंगम्मानं तिचं मनगट धरलं आणि कानडीत म्हणाली, "निधान, निधान." म्हणजे दमानं घे.

मग तिनं सुनेला विचारलं, की हिचं तोंड कुठलं. चंद्रिकानं डबीच्या बुडाची चकचकीत पट्टी दाखवली. गंगम्मानं ती उन्हात धरून बघितली, बोट मात्र लावलं नाही. आत जाऊन तिनं पाणी तापवलं, धुतलेल्या जुन्या धोतराची घडी त्यात बुडवून पिळली आणि आधी स्वतःच्या गालाला लावली. गालाला सोसेल तेवढाच शेक कासेला द्यायचा, हा तिचा जन्माचा हिशोब. मग ती घडी ताटलीत ठेवली आणि डबी तिच्यावर अलगद टेकवली, तोंड खाली करून.

"आता डबीला पेंडबी घाला," चनबसप्पा म्हणाले.

"घालते की. तुमच्याच पोत्यातली," गंगम्मा म्हणाली.

गंगम्मानं डबी उचलली. कापडावर तांबडा पट्टा उमटला होता, पिवळा उमटला होता. निळ्याची जागा कोरी. गंगम्मानं घडी पुन्हा तापवली, पुन्हा गालाला लावली, पुन्हा डबी टेकवली. शिवू दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. पुढच्या वेळी केसाएवढी निळी रेघ आली. त्याच्या पुढच्या वेळी ती रेघ रुंद झाली, आणि ओल्या कापडावर तीन पट्टे शेजारी शेजारी पसरले, सासूच्या कपाळावरच्या भस्मासारखे.

चंद्रिकानं डबी मशीनमध्ये बसवली आणि फोटो काढला. या वेळी बैल हिरवट आला.

ती खाली बसली आणि सासूला म्हणाली, "अत्ती, संपलं. रंगात रंग गेला. माझ्याच हातानं गेला."

"म्हशीची पहिली धार मी चरवीत घेते व्हय गं?" गंगम्मा म्हणाली. "भुईवर सोडते. सडाच्या तोंडाशी असतंय ती घाण. हिचीबी सोड की."

चंद्रिका उठली. मग तिनं रद्दीचे पाठकोरे कागद लावले आणि त्यांच्यावर निळ्या रंगाचे नुसते चौकोन छापायला सुरुवात केली. पहिला कागद शेवाळासारखा आला. मग मोरपंखी. मग, किती कागद गेले कोण मोजतंय, असा निळा आला, की पावसाळा सरल्यावर आमच्या माळावर आभाळ असतं तसा. तिथं ती थांबली आणि चांगला कागद लावला.

बैल पांढरा आला. वशिंडाखालची सावली तेवढी निळसर, खऱ्या बैलाला असते तशी. शिवूनं फोटो दोन्ही हातांत धरला आणि शिंगांपासून शेपटापर्यंत बघितला.

"ह्योच," तो म्हणाला. "ह्योच हाय माझा."

बाकीचे फोटो भराभर निघाले. टेम्पो गेला. चनबसप्पांनी पेंडीचं एक पोतं पाठीवर घेतलं, गोठ्यात नेऊन टाकलं आणि दुसरं न्यायला परत आले.

संध्याकाळी गंगम्मा धार काढायला बसली. बोटं नखांपर्यंत निळी झालेली, राखेनं घासूनही न निघालेली. म्हशीनं मान वळवून तो अनोळखी वास घेतला, एक पाय मागे घेतला. गंगम्मा थांबली. हात कासेवर नुसता ठेवून बसली. थोड्या वेळानं म्हशीनं पाय पुढे आणला, गंगम्मानं पहिली धार भुईवर सोडली आणि चरवी पुढे ओढली.