यादीवरचा हात

भात काढून झाला की आई-आबा पेठहून नाशिककडे द्राक्षबागांत मजुरीला उतरायचे आणि आम्ही भावंडं मामाकडे राहायचो. अशा घरातून मी नाशिकच्या कॉलेजात आले, तेव्हा प्रवेशाच्या टेबलाशी एक क्लार्क भेटले. तीन वर्षं भेटतच राहिले. प्रत्येकाला "बाळा" म्हणायचे आणि आधी गाव विचारायचे. शहरातल्या मुलांपुढे मायनर विषयांची यादी सरकवायचे. गाव डोंगराकडचं निघालं, की यादीवर हात ठेवून स्वतःच विषय लिहायचे.

"पेठ का? मग मराठी घे, बाळा."

"सर, अर्थशास्त्राच्या जोडीला मला संख्याशास्त्र पाहिजे."

"अगं, झेपणार नाही तुला. नापास झालीस की रडत माझ्याकडेच येशील."

"नाही येणार. लिहा तुम्ही."

त्यांनी लिहिलं, मान हलवत. मराठी मला आवडतेच. माझा राग विषयावर नव्हता. माझ्या मागे सुरगाण्याची मुलगी होती. तिला त्यांनी विषय विचारलासुद्धा नाही, मराठी लिहून टाकलं, आणि ती "थँक्यू सर" म्हणाली. ते थँक्यू मला अजून चीड आणतं.

मी संख्याशास्त्र मायनर घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.