कौलं फोडून आलेला दगड

पेणकरपाड्याच्या आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारी एक काळा फळा होता. टँकर कधी येणार, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, चावी सापडल्यास वॉचमनकडे द्यावी, एवढंच त्यावर लिहिलेलं असायचं. राहायला आल्यावर सहा महिन्यांत मी त्याचा खालचा डावा कोपरा बळकावला. कुणाला विचारलं वगैरे नाही. सरळ खडूने चौकट आखली आणि वर 'आकाशातलं' असं लिहून टाकलं. सेक्रेटरींनी दोन दिवस चौकटीकडे कपाळाला आठ्या घालून पाहिलं, मग त्यांनाही सवय झाली.

माझं ऑफिस अंधेरीला, काम फायली पुढे सरकवण्याचं. त्याचा आणि आकाशाचा काडीचा संबंध नाही. पण रविवारी सकाळी केबिन रोडवरच्या सायबर कॅफेत तासभर बसायचं, अंतराळाच्या बातम्या वहीत उतरवायच्या आणि घरी येऊन त्यातलं एखादं चार ओळींत फळ्यावर लिहायचं, हा माझा नेम होता. घरचे म्हणायचे, बाई रविवारी भाजी आणायला जाते आणि शनीची कडी घेऊन येते. म्हणोत. भाजीही आणायचे मी.

प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं तेव्हा माझ्या चौकटीपुढे पहिल्यांदा गर्दी झाली. सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "मॅडम, आता पत्रिकेत काही चेंज होणार का?" मी म्हटलं, "तुमच्या पत्रिकेत तो मुळात नव्हताच. आणि त्याला स्वतःला काही कळलेलं नाही, तो आपला फिरतोय तिथेच." दर ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार अशी एक ईमेल फिरायची. एका वर्षी कुणीतरी तिची प्रिंट काढून फळ्यावर चिकटवली. मी ती सगळ्यांसमोर फाडली आणि खाली लिहिलं, 'मंगळ ठिपक्याएवढाच दिसेल. ज्यांना जास्त हवं आहे त्यांनी चंद्र बघावा.' खोटी बातमी दिसली की माझं डोकं फिरतं, अजूनही.

विज्ञानाच्या बातम्या वाचायची माझी एक पद्धत आहे. मथळा शेवटी वाचायचा. मथळ्यात 'मंगळावर जीवसृष्टी' असतं आणि शेवटच्या परिच्छेदात 'कधीकाळी पाणी वाहिलं असण्याची शक्यता' एवढंच उरतं. ते शेवटचं वाक्य खरं. संशोधक माणूस आपल्याला किती कळलं आणि कुठून पुढे कळलेलं नाही, ते स्वच्छ सांगतो. मधली माणसं ती रेघ पुसतात. आपण त्या मधल्या माणसांतले नाही, याची मला पक्की खात्री होती.

आमच्याकडे उत्तनच्या मावशी मासळी घेऊन यायच्या, बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी दुपारी. ख्रिश्चन, गळ्यात क्रूस, अंगावर गुडघ्याच्या खालपर्यंत नेसलेलं लुगडं, आणि आवाज असा की तळमजल्यावर हाक मारली तरी चौथ्या मजल्यावर कढई गॅसवर चढायची. माझ्या चौकटीत काय लिहिलंय ते त्या वॉचमनकडून वाचून घ्यायच्या आणि मासे साफ करता करता त्यावर मत द्यायच्या. चंद्रावरून उधाण-भरती कशी ठरते ते मी त्यांना एकदा समजावायला गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर तिथी मोजून त्या दिवशीच्या भरतीची वेळ मला सांगितली. वर्तमानपत्रात बघितली तर जवळजवळ बरोबर होती.

प्लूटोच्या पुढच्या वर्षीची गोष्ट, मार्च असेल. त्या रविवारी मावशींनी टोपलीतून कोळंबीच्या आधी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या ओट्यावर ठेवलं. मुठीएवढा काळा दगड होता, हातात घेतला तर वाटला त्याहून जड.

"दोन कौलं फोडून चुलीपाशी पडला," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दुपारी. मी चार पावलं बाजूला व्हते म्हनून वाचले. बाय, तू आकाशाचं लिवतंस ना? सांग, यो वरून पडला काय?"

 आकाशातून आलेला दगड, अशनी, ओट्यावर कोळंबीच्या शेजारी. मी ओटा पुसून दगडाला जागा केली.

मावशींचं मात्र वेगळं चाललं होतं. त्यांचं घर आणि त्यांच्या धाकट्या दिराचं घर समोरासमोर, मधे एकच अंगण. अंगणातल्या कुंपणावरून दोन्ही घरांत वर्षभर धुसफूस चालू होती आणि दगड पडला त्याच्या आदल्याच दिवशी तोंडातोंडी झाली होती. मावशींच्या नवऱ्याचं म्हणणं, दगड भावानेच मारला. मे महिन्यात मावशींच्या मुलीचं लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळं घर वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतं, त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. सख्खा काका समोर राहून त्यात आला नाही तर पोरीने गावात तोंड कसं दाखवायचं? त्यातून पोर काकाच्या खांद्यावर बसून वाढलेली.

"वरून पडला असंल तर देवाचा," मावशी म्हणाल्या. "खालून आला असंल तर दिराचा. तू सांग, मी घरी जाऊन सांगते. तुझं ऐकतील."

मी कामाला लागले. फ्रिजवरचं चुंबक लावलं, ते चिकटलं. आनंद झाला, कारण बहुतेक अशनींना चुंबक चिकटतं. मग भिंग आणलं. अशनी आपल्या हवेतून येताना वरून जळतो, त्याच्यावर पातळ काळी साय धरते. तशी साय कुठे दिसेना. बत्त्याने एक कोपरा फोडला आणि आत बघितलं तर जाळीच जाळी, लहानमोठे बुडबुडे. अशनीत असे बुडबुडे जवळपास नसतातच. वितळलेल्या लोखंडावरचा मळ थंड होतो तेव्हा त्यात अडकलेली हवा असे बुडबुडे करते. शाळेच्या पुस्तकात त्याला धातुमळी म्हणायचे.

खरं सांगते, अशनी नाही याचं वाईट वाटण्याआधी मला ओळखलं याचाच आनंद झाला. "मावशी, हा आकाशातला नाही," मी म्हटलं. "हा भट्टीतला मळ आहे. हे बुडबुडे बघा."

"कुठली भट्टी?"

"लोखंडाची. भाईंदर ईस्टला त्या गाळ्यांमध्ये असतात ना, तसली."

मावशींनी चाकू खाली ठेवला. "दीर तिथंच हाय कामाला," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्सं भट्टीवर."

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं तेही लिहायला हवं. मनात आलं, जुळतंय की. तोंडाने मी काही बोलले नाही, पण मान बहुतेक हलली असावी. मावशींनी दगड फडक्यात बांधला, कोळंबी निवडून दिली आणि पैसे न मोजताच गेल्या.

बुधवारी आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या की सगळं मोडलं. नवऱ्याने तो दगड भावाच्या ओटीवर नेऊन आपटला होता आणि शिकलेल्या बाईने भट्टीतला सांगितलाय असं ओरडून सगळ्या आळीला ऐकवलं होतं. दिराने दार लावून घेतलं. दगड पुन्हा मावशींच्या घरात आला आणि काका लग्नाला येणार नाही असा निरोपही त्याच्या मागोमाग आला. पोर दोन दिवस जेवली नव्हती.

"मी दगडाबद्दल बोलले मावशी," मी म्हटलं. "माणसाबद्दल नाही."

"मंग दगड चालत आला काय?"

 रागच आला मला. विज्ञानाने जे आहे ते सांगायचं, कुणाच्या घरात काय मोडतं याचा हिशोब त्याने का ठेवायचा, असं मनाशी घोकत मी रात्रीची भांडी जोरात घासली. मग वही काढली. सवयीने मी दगडाची नोंद केलेली होती. चुंबक चिकटतं, लिहिलं होतं. साय नाही, बुडबुडे आहेत, धातुमळी, तेही होतं. आणि सगळ्यात खाली माझ्याच हस्ताक्षरात 'भाईंदरच्या भट्टीतून.' वरच्या प्रत्येक गोष्टीला पुरावा होता. शेवटच्या ओळीला काही म्हणजे काही नव्हतं. दुसऱ्या कुणी असं लिहून फळ्यावर लावलं असतं तर मी फाडलं असतं.

त्या रविवारी सायबर कॅफे बुडवला आणि भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. स्टॉपवर उतरून मावशींच्या आळीकडे वळले तर पाय वेडावाकडा पडला. पावसाळ्याआधी वाटेवर भराव टाकत होते. खाली बघितलं. काळे, जड, जाळीजाळीचे खडे, लहान आणि मुठीएवढे, लांबवर पसरलेले. पर्समधून चुंबक काढून लावलं तर ते चिकटत गेलं. जाणारेयेणारे थांबून बघत होते. एका बाईने काय हरवलंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, "हरवलं नाही, सापडलंय."

म्हणजे दगड कुणाच्याही हाताशी होता. पण तो छपरावर गेला कसा, हे मला अजूनही सांगता येत नव्हतं, आणि या वेळी मी तेवढंच सांगायचं ठरवलं होतं.

मावशींचे दीर चर्चमधली रविवारची मास आटपून येऊन ओटीवर सायकलची चेन बसवत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मान वर केली नाही. मी उभ्या उभ्याच बोलले. दगड धातुमळीचा आहे, तसा वाटेवर ढिगाने पडलाय, तो तुमच्या कामावरून आला असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नव्हता.

"तुमी माझा नाव घेतला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग?"

"घेऊ दिलं," मी म्हटलं. "माझी चूक झाली. ती सांगायला आलेय."

त्यांनी हात चिंधीला पुसले. "ताई, आमच्याकडं भट्टीत पत्रा नुसता तापवतात. तापला की रोलरमधून काडतात. वितळवीत कायच न्हाय. वितळला न्हाय तर मळ कुठून येनार? भट्टी म्हटली की समदी एकच काय?" हे ते रागाने बोलत नव्हते, म्हणून जास्त लागलं. "पंधरा वर्सं हेच करतोय. ह्या घरान कोनाला म्हायती न्हाय मी काय करतो. दगड पेणकरपाड्याला नेला, तुमाला दाखवला. अंगन ओलांडून मना कोनी दाखवला न्हाय. मारला काय, एवडंच ईचारलं."

 इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते की ज्याला कळतं त्याला विचारा. ज्याला कळत होतं तो त्या दगडापासून वीस पावलांवर राहत होता, आणि तो शिकलेला असू शकतो हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मावशी आपल्या दारात येऊन उभ्या होत्या. सगळं ऐकलं असणार, कारण अंगण होतं केवढंसं. त्या आत गेल्या आणि फडकं घेऊन बाहेर आल्या. कुंपणाशी जरा थांबल्या, मग वळसा घालून ओटीपाशी आल्या आणि दगड दिरापुढे धरला.

"यो कसला दगड हाय?" त्यांनी विचारलं. जणू मी त्यांना कधी काही सांगितलंच नव्हतं.

दिरांनी दगड घेतला. हातात तोलला, उन्हात धरून फिरवला, मी फोडलेल्या कोपऱ्यावर अंगठा घासला. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भट्टीतला आहे, म्हणाले, भट्टी चांगली तापलेली नव्हती, म्हणून त्यात लोखंड राहिलंय आणि चुंबक धरतंय. मग बाजूला चकाकणारी एक घासलेली पट्टी दाखवली. ती मी भिंगातून पाहूनही सोडून दिली होती. ही टायरची घासण, ते म्हणाले. भरावाच्या डंपरला मागे जोडचाकं असतात, त्यांच्या फटीत असा खडा अडकतो आणि वेगात सुटला की गोळीसारखा जातो. शुक्रवारी दुपारी डंपर आळीतून गेले होतेच. कामावर फाटकाशी एका गाडीची काच अशीच फुटलेली त्यांनी पाहिली होती.

पाव तास ते बोलत होते. मावशी मधेमधे साध्यासुध्या शंका विचारत होत्या आणि ते प्रत्येक शंकेचं पुन्हा पहिल्यापासून उत्तर देत होते. त्यात एकदोन गोष्टी मला तितक्याशा पटल्या नव्हत्या. मी तोंड उघडलं नाही. समोरच्या दारात मावशींची मुलगी येऊन उभी राहिली होती, बाहेर यावं की नाही याचा अंदाज घेत.

दिरांनी दगड मावशींच्या हातात परत दिला आणि पुन्हा सायकलपाशी बसले. चेन चढवता चढवता, वर न बघता, त्यांनी मोठ्याने विचारलं, समोरच्या दारापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने, की विहिरीवर पाणी आणायला किती वाजता निघायचंय.