बाबांची चापट आणि नागपूरची लाइन

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरातल्या फ्रिजकडे यापुढे कोणीही साधा फ्रिज म्हणून पाहू नये. कारण खाली दिले आहे. बसून वाचलंत तरी चालेल...

एक गोष्ट आधीच सांगते. माझा असल्या प्रकारांवर काडीचाही विश्वास नाही. नोएडातल्या आयटी कंपनीत केस पिकवलेली बाई आहे मी. दारावर लिंबू-मिरची दिसली की मला सरबत आठवतं! त्यामुळे जे झालं ते जसंच्या तसं सांगते. मीठमसाला लावायचा मोह होतोय, पण यावेळी गरजच नाही.

माझे बाबा, दामले, दिल्लीत आर. के. पुरममधल्या एका सरकारी कम्प्युटर सेंटरमध्ये होते. खोलीभर पसरलेलं मेनफ्रेम मशीन, आणि त्याच्या शेजारी फ्रिजएवढं एक कपाट. त्या कपाटाला म्हणायचे कंट्रोलर. मुंबई, लखनौ, हैदराबाद आणि नागपूरच्या ऑफिसांतले टर्मिनल टेलिफोनच्या तारांनी या कपाटाला जोडलेले असत. कपाट एकेकाला विचारणार, "काही पाठवायचंय का?" आणि त्या त्या गावाने उत्तर द्यायचं. बाकीची गावं शहाणी होती. नागपूर रुसायचं. इंजिनियर यायचे, आतली सर्किट कार्डं बदलायचे, चहा पिऊन जायचे... लाइन बंद ती बंदच. मग बाबा उठायचे, कपाटाच्या डाव्या अंगाला एका ठरावीक जागी फाडकन चापट मारायचे, आणि नागपूर बोलायला लागायचं.

त्यांचे बॉस सबनीस साहेब यांना हे कधी पटलं नाही. "योगायोग आहे हो!" म्हणत, मशीनला धुतो म्हणून त्यांनी बाबांचं नावच 'धोबी' पाडलं. बाबांच्या निरोप समारंभातही भाषणाची सुरुवात केली ती "आमचे धोबी दामले" अशी. हॉल हसला, बाबाही हसले. पण त्यानंतर घरात त्यांनी मशीनचा विषय काढणंच सोडलं. मला ते फार लागलं होतं.

आता माझा पराक्रम ऐका! जुन्या मेनफ्रेमची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम मिळतात, त्यांना सिम्युलेटर म्हणतात. साध्या कम्प्युटरवर ते सगळं जुनं मशीन जिवंत होतं. पण बाबांचं कपाट? त्याची नक्कल मला शोधूनही सापडली नाही. मग मी ती केली. जुन्या मॅन्युअलचे धूसर स्कॅन वाचून, शनिवार-रविवार जाळून, एकटीने. गंमत म्हणजे माझा प्रोग्रॅम चटकन उत्तर द्यायचा, आणि जुन्या मशीनला वाटायचं लाइनमध्ये बिघाड आहे. शेवटी त्याला मुद्दाम सरकारी वेगाने काम करायला शिकवलं, तेव्हा मशीनचा विश्वास बसला.

मग चारही गावांचे टर्मिनलही प्रोग्रॅममध्येच बनवून जोडले. मुंबई लागली. लखनौ लागलं. हैदराबाद लागलं. नागपूर... बंद! सगळ्या लाइनींना एकच कोड, फक्त नाव वेगळं. तरीही बंद. मी हसावं की रडावं?

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सबनीस साहेब दिल्लीतल्याच द्वारकेहून दुपारी जेवायला येणार होते. आदल्या दिवशी बाबा हळूच म्हणाले, "मिनू, त्यांना दाखव, पण नागपूर वगळ हं. माणूस पुन्हा सुरू होईल."

मी वगळलं. जेवणं झाली, डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. सबनीस साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"वा, वा! पण नागपूर कुठंय?"

"ते अजून... काम चालू आहे, काका."

"लाव की! आम्ही काय परके आहोत?"

लावलं. स्क्रीनवर अक्षरं आली: नागपूर, प्रतिसाद नाही. साहेब असे खुलले की विचारू नका.

"काय धोबी? चापट मारणार का?"

बाबांचा चेहरा उतरला. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात ते उठले. इकडेतिकडे पाहिलं. कपाटासारखं खोलीत एकच होतं. ते फ्रिजपाशी गेले, डाव्या अंगाला हात फिरवून जागा शोधली आणि फाडकन दिली! एक मॅग्नेट खाली पडलं.

स्क्रीनवर नागपूर चालू.

"योगायोग," साहेब म्हणाले, पण आवाज जरा बसला होता.

मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला. नागपूर बंद. साहेबांनी स्वतः फ्रिजला चापट मारली. काही नाही. माझा नवरा शेखर, त्याने तर असा दणका दिला की आतली अंडी हादरली. तरी काही नाही. बाबांनी मारली... चालू.

"अहो, टेबल हलतं!" साहेब म्हणाले. "लॅपटॉपमध्ये लूज कनेक्शन असणार!"

तेव्हा मी सांगितलं — आणि हे सांगताना मला जो आनंद झाला तो लग्नातही झाला नव्हता — "काका, लॅपटॉप नुसता पडदा आहे. प्रोग्रॅम चालतोय मुंबईतल्या भाड्याच्या मशीनवर."

शेखरने फ्रिजचं दार उघडून उगाच आत पाहिलं.

त्यानंतर मी सगळं तपासलं. कोडची ओळ न् ओळ, वेळा, नोंदी. नोंदीत एवढंच दिसतं की नागपूरने उत्तर दिलं. आधी का दिलं नाही आणि मग का दिलं, ते नाही. मशीन बदलून पाहिलं, तरी तेच. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगू? मी आता शोधतही नाही. ज्यांना हा प्रोग्रॅम हवा असतो, त्यांना मी अभिमानाने सांगते की नागपूरसाठी बाबा लागतात.

पण त्या दुपारी शेवटचा शब्द माझा नव्हता. बाबा ताठ मानेने खुर्चीत येऊन बसले होते. सबनीस साहेब बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत राहिले, आणि मग एकदम छातीवर हात ठेवून ओरडले,

"अगं मिनू, माझा पेसमेकर अडकला तर डॉक्टरबिक्टर नको हं, आधी ह्या दामल्यांना बोलव!"