फोनवरचे चौकोन

सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला, की मला दाभोळच्या बंदरावरची ती दुपार आठवते. मोबाइल तेव्हा नवीन होते. आमच्या संस्थेने कोळणींना फोन वाटले होते. वाऱ्याचा, मासळीचा अंदाज शहरातून मेसेजने इंग्रजीत यायचा आणि मी तो समजावून सांगायची. बायकांना स्वतःला वाचता यावा, म्हणून त्या दिवशी तो पहिल्यांदाच मराठीत पाठवला होता. एक कोळीण धापा टाकत आली. "ताई, ह्यात अक्षरंच नायत! बघा काय लिवलंय, आमचा मानूस दर्यात हाय." पडद्यावर नुसते चौकोन होते. मराठी अक्षरं त्या फोनला येतच नव्हती. मी शहरात फोन लावला, कुणी उचलेना. वारा वाढत होता. "तुम्ही शिकलेल्या ना? मग वाचा की!" म्हणताना तिला रडू फुटलं. मी नुसती तिचा हात धरून उभी राहिले. संध्याकाळी होडी सुखरूप आली. तिने नवऱ्याला डोळे भरून पाहिलं, मग फोन पदराने पुसून माझ्या हातात ठेवला. "तुमचा तुमच्याकडंच ऱ्हावंदे," म्हणाली. त्या मेसेजमध्ये काय होतं, ते मला आजही माहीत नाही.