दुबईतलं जावळ

आमच्या शिवाजी पेठेत अमरसिंहाचा आवाज ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. तालमीच्या फुटबॉल टीमनं गोल मारला की पहिली आरोळी त्याची. गाड्यांच्या सीटला कव्हरं शिवायचं त्याचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच आहे. गिऱ्हाइकाला दर सांगतो तोही भांडल्यासारखा. चाळिशी आली तरी लग्न जमलेलं नाही, पण माणूस सोन्यासारखा. आणि हा सोन्यासारखा माणूस सख्ख्या बहिणीशी शटर अर्धं ओढून चोरासारखा फोनवर बोलतो, याची मला भयंकर चीड येते.

कारण त्याचे वडील, बाळासोअण्णा. धाकटी लेक स्नेहल पुण्याला नोकरीत असताना तिनं जातीबाहेर लग्न केलं. अण्णांनी त्या दिवशी सगळ्या भावकीला सांगितलं, "आमास्नी एकच पोरगा हाय." स्नेहल नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली, तिला वरद झाला, तरी अण्णा ढिम्म हलले नाहीत. मध्ये पडायला आई असती तर बरं झालं असतं, पण ती आधीच गेलेली. त्या घरात आजही स्नेहलचं नाव निघत नाही.

पण जावळाचं काय करायचं? आमच्याकडं पोराचं पहिलं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा नवे कपडे आणतो, भाच्याला मांडीवर घेऊन बसतो आणि काढलेले केस देवाला वाहतात. यांच्या घरचे जोतिबाला जातात. स्नेहलनं एवढ्या लांब राहून पोराच्या केसाला कात्री लावू दिली नव्हती. वरदला तिसरं वर्ष लागलं, केस खांद्यावर आले, लोक त्याला मुलगी समजायला लागले, तरी ही मामासाठी थांबलेली. कोल्हापुरात यावं तर उतरायचं कुठं? माहेर असून हॉटेलात राहायला तिचं मन घेईना. शेवटी तिनंच तोड काढली. चार दिवस दुबई. नवऱ्याला रजा नव्हती, ती पोराला घेऊन एकटी येणार, आणि हा गोव्याहून विमानानं जाणार.

"पोरगं एकदा मांडीवर बसलं की फोटो काढतो," अमरसिंह मला म्हणाला. "क्यास आन् फोटो दोन्ही अण्णांच्या म्होरं ठेवतो. नातवाचं जावळ बघून म्हातारा पाघळतोय का न्हाय बघच तू."

"आणि आत्ता घरात काय सांगून चाललायस?"

"दोस्तांसंगं गोव्याला."

मी कपाळावर हात मारून घेतला. बहिणीला घरात परत आणायला निघालाय, आणि घरात तेवढं सांगायची छाती नाही! ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

पुढचं सगळं त्यानं परत आल्यावर सांगितलं. दुबईच्या विमानतळावर स्नेहल बाबागाडी ढकलत बाहेर आली. इतक्या वर्षांनी बहीण दिसली म्हटल्यावर याला भरून आलं, आणि मग आमच्याकडचा कुठलाही मामा जे करतो तेच यानं केलं. "आरं माझ्या वाघा!" अशी आरोळी ठोकली, पोराला गाडीतनं उचललं आणि वर उडवलं. पेठेतली पोरं अशानं खिदळतात. वरद मात्र बंद काचांच्या घरात, हळू बोलणाऱ्या आईबापाजवळ वाढलेला, त्यात प्रवासानं किरकिरलेला. आधी त्याचा श्वासच अडकला. मग त्यानं असं भोकाड पसरलं की अख्खं विमानतळ वळून बघायला लागलं. मामाच्या हातातनं सुटून तो आईच्या गळ्याला चिकटला, तो चिकटलाच.

दुबई त्यांनी काही बघितली नाही. चालायला लागलेल्या पोराला घेऊन परक्या शहरात हिंडणं म्हणजे काय असतं ते अमरसिंहाला तिथं कळलं. ऊन व्हायच्या आत निघावं तर ऐन वेळी डायपर बदला, बाहेर पडावं तर पोराला झोप. ती जगातली सगळ्यात उंच इमारत हॉटेलच्या खिडकीतनं दिसली तेवढीच. मॉलमधल्या माशांच्या काचेपुढं वरद टाळ्या वाजवत होता. मामा शेजारी आला तसं त्यानं आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. अमरसिंहानं आवाज बारीक केला, गालिच्यावर घोडा होऊन रांगला, खेळण्यातली गाडी आणून दिली. गाडी पोरानं घेतली, पण आईच्या हातनं.

"होईल सवय, दादा," स्नेहल म्हणायची. तिचा मात्र रोज थोडा थोडा धीर सुटत होता.

शेवटच्या दिवशी तिनंच सुचवलं, झोपल्यावर मांडीवर घे. हॉटेलजवळच्या सलूनमधला न्हावी केरळचा होता, त्याला सगळं समजावलं, तोही हसून तयार झाला. वरद बाबागाडीत गाढ झोपला होता. स्नेहलनं त्याला अलगद उचलून भावाच्या मांडीवर ठेवलं. "त्येचं वजन मांडीवर आलं आन् माझ्या डोळ्यांतनं पाणीच यायला लागलं," अमरसिंह मला सांगत होता. स्नेहल समोर त्याचाच फोन धरून उभी राहिली, कारण फोटोत केसाला कात्री लागलेली दिसायला हवी होती. न्हाव्यानं एक बट धरली आणि कापली.

पोरानं डोळे उघडले. वर मामाचा चेहरा.

ते किंचाळलं, तडफडलं, कात्री कानाजवळनं गेली. न्हाव्यानं घाबरून दोन्ही हात मागं घेतले. मी नाही कापत म्हणाला. स्नेहलनं पोराला ओढून छातीशी धरलं. बराच वेळ ती त्याला थोपटत राहिली.

"राहू दे दादा," ती म्हणाली. "तिकडंच कापून घेते."

दोन वर्षं थांबलेली बाई हे म्हणाली. विमानतळावर तिनं भावाला वाकून नमस्कार केला. परत कधी, हे तिनंही काढलं नाही आणि यानंही विचारलं नाही.

तो आला त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. म्हटलं, एवढं करून आलाय, बोलेल. जोतिबाला न्यायची ती एक बट रुमालात बांधून त्याच्या खिशात होती. अण्णा बाहेरच्या सोप्यात चहा पीत बसले होते. अमरसिंहानं फोन त्यांच्यापुढं धरला. अण्णांनी चष्मा लावला. फोटोत अमरसिंहाच्या मांडीवर पोरगं तोंड वासून रडत होतं आणि दोन्ही हात समोर, फोटो काढणाऱ्या आईकडं पसरले होते.

"कुणाचं रं ह्ये?"

अमरसिंहाचा हात खिशातल्या रुमालाकडं गेला आणि तिथंच थांबला. माझ्या मनात आलं, याची मानगूट धरावी. 

"दोस्ताचं," तो म्हणाला. "गोव्यातल्या."

अण्णांनी फोटो पुन्हा निरखला. त्यांचा चेहरा खरोखरच मऊ झाला.

"किती रडतंय बिचारं. धरून कशाला ठेवलास? आईकडं द्यायचं की."

"दिलं," अमरसिंह म्हणाला.